पूर्ण मनाने भक्ती: माप काय, पद्धत काय? (साक्षी नकोत, कृती सांगा)

मलप्रभाकाठ (धागाकर्ता)
सर्वांना सप्रेम सलाम. तरुण संघात मार्क १२:३० वर (देवावर पूर्ण मनाने, जिवाने, बुद्धीने आणि शक्तीने प्रीती कर, ही आज्ञा) चार आठवडे अभ्यास घ्यायचा आहे. 'पूर्ण मनाने' हे शब्द आपण गाण्यात, प्रार्थनेत इतके वापरतो की त्यांचं माप कुणी विचारतच नाही. गाताना डोळ्यांत पाणी आलं की तो पूर्ण मनाचा, मागच्या बाकावर गप्प बसला तो कोमट, असा आपला हिशेब.

शास्त्राचा हिशेब वेगळा दिसतो. २ इतिहास २५:२ मधल्या अमस्या राजाने परमेश्वराच्या दृष्टीने योग्य तेच केलं, पण पूर्ण मनाने नाही. उलट १ राजे १५:१४ मध्ये आसाच्या काळात उच्च स्थानं तशीच राहिली, म्हणजे काम अर्धवट, तरी त्याचं मन परमेश्वराशी पूर्ण होतं असं लिहिलंय. एकाची कृती बरोबर आणि मन अपुरं, दुसऱ्याची कृती अपुरी आणि मन पूर्ण. मग मोजायचं कशाने?

एक विनंती. साक्षी, म्हणजे स्वतःच्या अनुभवांची कथनं, रविवारी ऐकतोच, इथे नकोत. वेळ किती, कुठे बसायचं, काय वाचायचं, काय बिघडतं आणि का, तेवढं लिहा. आणि आपल्या मुलखाचं वेळापत्रक धरून लिहा: खानापूरची भातलावणी, निपाणीकडचं विडीकाम, बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांच्या पाळ्या, उसाचा हंगाम. पहाटे चारला उठून दोन तास प्रार्थना करा, असले सल्ले पुस्तकात पुष्कळ आहेत.

घटप्रभा_काका
आधी शब्द बघू, नाहीतर पुढचं सगळं हवेत राहील.

मार्कातली आज्ञा मुळात अनुवाद ६:५ ची. तिथे इब्री शब्द तीन: लेबाब, नेफेश, मेओद. लेबाब म्हणजे हृदय खरं, पण इब्री माणूस विचार आणि निर्णय तिथे ठेवतो. कळवळा तो आतड्यात ठेवतो. (आपणही 'पोटतिडीक' म्हणतोच की.) त्यामुळे 'पूर्ण मनाने' याचा पहिला अर्थ भावना उचंबळणं नव्हे, ठरवणं. नेफेश म्हणजे मुळात गळा, श्वास, त्यावरून जीव. मेओद तर एरवी नाम म्हणून येतच नाही म्हणा ना, 'फार', 'अतिशय' अशा अर्थाने येतो. जेवढं म्हणून आहे तेवढं सगळं, असं काहीतरी. यहुदी शास्त्र्यांनी मिश्नात (बराखोत ९:५) त्याचा अर्थ सरळ 'आपल्या धनाने' असा लावलाय. आणि लेबाबमध्ये 'ब' दोनदा येतो म्हणून बऱ्या आणि वाईट अशा दोन्ही प्रवृत्तींनी देवावर प्रीती करावी, असंही तिथेच आहे. मार्कात ग्रीकमध्ये चौथा शब्द आला, बुद्धी.

याच्या विरुद्ध काय? याकोब १:८ आणि ४:८ मध्ये 'द्विबुद्धीचा' म्हटलंय. ग्रीक शब्द दिप्सुखोस, शब्दशः दोन जिवांचा. होशेय १०:२ मध्येही मन दुभंगल्याचीच तक्रार आहे. म्हणजे पूर्णच्या उलट 'थोडं' नव्हे, 'वाटलेलं'. स्तोत्र ८६:११ मधली विनंतीसुद्धा 'माझं चित्त मोठं कर' अशी नाही, 'एकाग्र कर' अशी आहे. म्हणून माझं मत असं, की किती उत्कट हा प्रश्नच चुकीचा. कुठे वाटलं गेलंय, ते शोधायचं.

तंबाखूपट्टा
काका, पण प्रकटीकरण ३:१६ मध्ये कोमट म्हणूनच फटकारलंय की. तिथे तर उष्णतेचंच माप आहे.

घटप्रभा_काका
लावदिकीयाला पाणी बाहेरून नळाने यायचं आणि पोचेपर्यंत ना धड गार ना धड गरम. जवळच्या हेरापलीला गरम पाण्याचे झरे, कलस्सैला थंड पाणी. गरम पाण्याला अंग शेकतं, गार पाण्याने तहान भागते, कोमटाचा उपयोग नाही. वचनात 'गार असतास तरी बरं' असंही आहे ना? थंड भक्ती बरी असं कुणी म्हणणार नाही. तेव्हा तिथे ठपका निरुपयोगीपणाचा दिसतो, भावना कमी पडल्याचा नाही.

दुसरी_पाळी
आसाबद्दल एक राहिलं. २ इतिहास १६ पण वाचा. शेवटी पाय दुखू लागले तेव्हा त्याने परमेश्वराला विचारलं नाही, असं १२ व्या वचनात आहे. पूर्ण मन एकदा मिळालं की कायमचं, असं नाही. उलट परमेश्वराला पूर्णपणे अनुसरलेला कालेब ८५ व्या वर्षीही (यहोशवा १४:१०) डोंगराळ मुलूख मागतोय. अभ्यासात तिघांना शेजारी ठेवा.

कोठीची_खोली
पद्धतीकडे येते. मत्तय ६:६ मध्ये 'खोलीत जा, दार लाव' आहे. तिथला ग्रीक शब्द तामेइओन, म्हणजे साठवणीची कोठी. साध्या घरात आतल्या बाजूला असायची ती. म्हणजे प्रभू प्रार्थनेची वेगळी खोली बांधायला सांगत नाही, धान्याच्या पोत्यांशेजारी बसायला सांगतो. आपल्या दोन खोल्यांच्या घरात सोप्यावर टीव्ही आणि आत स्वयंपाक, तर माळा, परडं, गोठ्याचा कोपरा, अंगणात लावलेल्या गाडीची सीट, काहीही चालेल. जागा रोज तीच हवी आणि मोबाईल तिथे नको.

सुरुवातीला २० मिनिटं. त्यातली पहिली दोन गप्प बसायला. श्वास सावकाश, काही मागायचं नाही. मग दहा मिनिटं वाचन, एकच उतारा, १० ते १५ वचनं, दोनदा: एकदा मनात, एकदा ओठ हलवून. मोठ्याने वाचलं की डोळ्यांना वचनावरून घसरता येत नाही. पाच मिनिटं त्याच उताऱ्यातून प्रार्थना. उरलेली तीन मिनिटं वहीत एक ओळ: आज काय करायचं किंवा काय सोडायचं. 'देव प्रेमळ आहे' ही ओळ चालणार नाही. 'जावेशी आज स्वतःहून बोलायचं' ही चालेल.

बाराव्या शतकात गिगो नावाच्या कार्थुसी मठाधिपतीने ही शिडी चार पायऱ्यांची सांगितली: वाचन, मनन, प्रार्थना, ध्यान. आपल्याकडे पहिली आणि तिसरी होते, दुसरी गाळली जाते. मग प्रार्थनेत रोज तेच ते येतं, कारण मननातून काही हाती आलेलंच नसतं.

बिघडतं कुठे, ते आता. पहिल्या दिवशी एक तास ठरवणं. नवव्या-दहाव्या दिवशी तो मोडतो आणि मग अपराधाच्या भावनेने २० मिनिटंही जातात. दुसरं, मोबाईलवर बायबल. अॅप चांगलं आहे, पण वरून व्हॉट्सअॅपची पट्टी घसरत खाली आली की संपलं. मोबाईलशिवाय इलाज नसेल तर विमान मोड लावा. तिसरं, बायबल कुठेही उघडून बोट ठेवेल ते वचन. आणि चौथं जरा झोंबेल. ३१ डिसेंबरच्या रात्री मिळालेलं वर्षाचं वचन फ्रेम करून वर्षभर तेवढंच घोकणं. कार्डावर आशीर्वादच असतात, लूक ९:२३ छापलेलं कार्ड कुणाला येत नाही.

मलप्रभाकाठ
शेवटच्या वाक्यावर संघात भांडण होणार, पण ठेवतो. वाचन कशा क्रमाने करायचं?

पानोपान
गणित करून देतो, कारण बहुतेक योजना गणितातच फसतात.

बायबलचे अध्याय १,१८९ (६६ पुस्तकांचे, कॅथोलिक बायबलात ७३ पुस्तकं, त्यामुळे जास्त). रोज ३ आणि रविवारी ५ धरले तर आठवड्याला २३, वर्षाला १,१९६. बसतं. पण १ जानेवारीला उत्पत्तीपासून निघालात तर साधारण २३ तारखेला निर्गम २५ लागतो: निवासमंडपाची मापं, पडदे, आकड्या. महिना संपायच्या आत लेवीय. गाडी हटकून तिथे अडते, कारण गोष्ट संपते आणि विधी सुरू होतात. वाचणाऱ्याला वाटतं, आपलं मन कमी पडलं. मन नव्हे, क्रम चुकला.

पहिल्या वर्षी यापैकी एक घ्या.

अ) चार शुभवर्तमानं: २८+१६+२४+२१ = ८९ अध्याय. रोज एक, १ जानेवारी ते ३० मार्च. ईस्टर उशिरा असेल त्या वर्षी पुनरुत्थान दिनापर्यंत उजळणीलाही वेळ उरतो.

ब) नवा करार: २६० अध्याय. आठवड्याला पाच धरले तर बरोबर ५२ आठवडे. दोन दिवस मोकळे ठेवायचे ते सुट्टी म्हणून नव्हे. चुकलेलं भरून काढायला, लग्नकार्याला, पाहुण्यांना. मोकळे दिवस नसलेली योजना आपल्या भागात मे महिन्यात टिकत नाही.

क) स्तोत्रं: रोज ५, म्हणजे ३० दिवसांत १५०. फक्त २४ व्या दिवशी ११६ ते १२० येतात आणि त्यात ११९ वं, १७६ वचनांचं. त्याच दिवशी ११७ वं फक्त दोन वचनांचं आहे हा दिलासा पुरत नाही. ११९ वेगळं काढून तीन दिवसांत वाटा.

आणि कोणतीही योजना घ्या, एकदा मार्क सलग मोठ्याने वाचा. १६ अध्याय, दीड-दोन तास. गोष्टीला केवढा वेग आहे ते तुकड्यांत कळत नाही.

तेर्स_सात_वाजता
खानापूरकडून. वर सगळं पुस्तकावर चाललंय, आमच्या कोंकणी घरांत पाया तेर्स आहे, म्हणजे जपमाळ. तिचंही गणित सांगते. ५९ मणी: ५३ 'नमो मरिये'चे, ६ 'आमच्या बापा'चे. पाच दशकं (एक दशक म्हणजे दहा 'नमो मरिये') नीट म्हटली तर १५ ते २० मिनिटं. सोमवार-शनिवार आनंदाची रहस्यं (म्हणजे मनन करायचे प्रसंग), मंगळवार-शुक्रवार दुःखाची, बुधवार-रविवार गौरवाची, गुरुवार प्रकाशाची. ही प्रकाशाची दुसरे जॉन पॉल यांनी २००२ मध्ये जोडली.

बिघडतं ते वेगात. म्हणणाऱ्याचा पहिला अर्धा भाग संपायच्या आत बाकीच्यांचा दुसरा सुरू होतो, आठ मिनिटांत आटोपतं, आणि टीव्हीची मालिका सातला असेल तर सहा मिनिटांत. उपाय असा: प्रत्येक दशकाआधी त्या रहस्याचं एक वचन वाचायचं आणि दहा श्वास थांबायचं. पाचही दशकं जमत नसतील तर एकच दशक, पण सावकाश. आणि म्हणणारा रोज बदलायचा. रोज आजीच म्हणत असेल तर बाकीचे फक्त उत्तर देणारे होतात.

तंबाखूपट्टा
ताई, राग मानू नका, पण मत्तय ६:७ मध्ये व्यर्थ बडबड नको म्हटलंय. तेच तेच पन्नास वेळा म्हणणं म्हणजे पूर्ण मन कसं?

तेर्स_सात_वाजता
राग कसला. ६:७ मध्ये 'पुष्कळ बोलल्याने आपलं ऐकलं जाईल' या समजुतीला नाही म्हटलंय. स्तोत्र १३६ मध्ये एकच पालुपद २६ वचनांत २६ वेळा आहे. गेथशेमानेत प्रभूने तिसऱ्यांदा तेच शब्द बोलून प्रार्थना केली (मत्तय २६:४४). आणि तुमच्या प्रार्थनेच्या सभेत एका प्रार्थनेत 'प्रभू, प्रभू' किती वेळा येतं, एकदा मोजा की.

तंबाखूपट्टा
हां, मोजायला नको, मान्य.

दुसरी_पाळी
वेळेबद्दल. कारखान्यात पाळी दर आठवड्याला बदलते, त्यामुळे 'सकाळी साडेपाच' ठरवलं की तीनपैकी दोन आठवडे मोडतं. भक्ती घड्याळाला बांधू नका, कामाला बांधा. आंघोळ झाली की. डबा भरला की. रात्रपाळीहून आलात तर झोपण्याआधी नको, त्या वेळी डोकं चालत नाही. उठल्यावर पहिला चहा झाला की. शेतकऱ्यांचंही तेच. थ्री फेज वीज रात्री दोनला येणार असेल तर पाणी सोडून बांधावर बसल्यावरची २० मिनिटं ही दिवसातली सगळ्यात निवांत वेळ असते. बॅटरी आहे, भुंकणारं कुत्रं सोडलं तर सोबत कुणी नाही.

भातलावणीच्या दिवसांत आणि ऊसतोडीच्या ऐन भरात २० मिनिटंही होत नाहीत. तेव्हा ती होतील असं ढोंग नको. आधीच ठरवायचं, की या दिवसांत पाच मिनिटं आणि दिवसभर बाणप्रार्थना. नहेम्या २:४ बघा: राजा प्रश्न विचारतो आणि उत्तर द्यायच्या आधी हा मनात प्रार्थना करतो. एका श्वासाची. पूर्वेकडच्या मंडळीत एक जुनं वाक्य आहे: 'प्रभू येशू ख्रिस्ता, देवपुत्रा' श्वास घेताना, 'मज पाप्यावर दया कर' सोडताना. रोप लावायला वाकताना आणि उठताना बरोबर बसतं. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेली मठातले ब्रदर लॉरेन्स स्वयंपाकघरात भांड्यांत राबताना हेच देवाचं सान्निध्य धरून होते. मात्र हे पाच मिनिटांच्या जागी घ्यायचं नाही, त्यांच्या भोवती घ्यायचं. 'मी दिवसभर मनात करतो' म्हणणाऱ्याची बसून होणारी भक्ती बहुधा बंद पडलेली असते.

घटप्रभा_काका
शेवटचं वाक्य लिहून ठेवण्यासारखं.

कोठीची_खोली
भाषेचा मुद्दा कुणी काढला नाही, आणि सीमाभागात तोच पहिला अडतो. घरात मराठी, मुलं कन्नड माध्यमात, उपासना कुठे मराठी, कुठे कन्नड, कुठे कोंकणी, संघाची गाणी इंग्रजी. मुलाला देवनागरी अक्षरं लावून वाचावी लागतात, मग कौटुंबिक भक्तीत तो वाचायला तयार नसतो आणि आपण म्हणतो, त्याला गोडी नाही.

हे करून बघा. उतारा एक, पुस्तकं दोन. आजी मराठीत चार वचनं वाचते, नातू पुढची चार कन्नडमध्ये. अध्याय-वचनांचे आकडे जुळतात. अडलेला शब्द एकमेकांना विचारायचा. उलट एक फायदा होतो: दोन भाषांत ऐकलं की पाठ झालेलं वचन पुन्हा नवं वाटतं. एकूण १२ मिनिटं, त्यापेक्षा लांबवू नका, मुलं असतील तर दहाच.

प्रार्थना मात्र ज्या भाषेत भांडतो त्या भाषेत. आपली एक व्यासपीठाची मराठी तयार झालीय: 'हे स्वर्गीय पित्या, आम्ही तुझे उपकार मानितो, तू आम्हांस या क्षणापर्यंत राखिलेस'. सुंदर आहे, सभेत असू दे. कोठीत बसून तीच सुरू झाली तर समजायचं की आपण देवाशी नव्हे, मंडळीशी बोलतोय. 'देवा, उसाचं बिल अजून जमा नाही आणि मला भावाचा राग आलाय' हे वाक्य आधी. स्तोत्रकर्ते असंच बोलतात.

घटप्रभा_काका
याला आपल्याकडे जुनी परंपरा आहे. फादर थॉमस स्टीफन्स जन्माने इंग्रज, १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१६ मध्ये ख्रिस्तकथा मराठी ओवीत छापली. नारायण वामन टिळकांनी अभंग आणि ओवी ख्रिस्ताच्या पायाशी आणली. बेळगावात लंडन मिशन १८२० मध्ये आलं, तेव्हापासून हे काम मराठी-कन्नड दोन्ही कानांनी ऐकणाऱ्या लोकांत चाललंय. दोन भाषा ही अडचण वाटते तितकी नाही.

उपाशी_पण_शहाणा
उपासाबद्दल लिहितो, कारण लेंट (ईस्टरआधीचा उपासकाळ) जवळ आला की चुका तिथेच होतात.

राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत ४६ दिवस. रविवार वगळले की ४०. रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, तो उपासात मोजत नाहीत. कॅथोलिक नियमात सक्तीचे उपास दोनच, राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे): एक पूर्ण जेवण, आणि दोन वेळा थोडं, जे मिळून एका पूर्ण जेवणाएवढं होऊ नये. वय १८ ते ५९. मांसवर्ज्य १४ वर्षांपासून पुढे. मेथडिस्टांनी आपल्या संस्थापकाची सवय आठवावी: वेस्ली बराच काळ बुधवारी आणि शुक्रवारी दुपारी तीनपर्यंत उपास करत. तीन म्हणजे दिवसाचा नववा तास, येशूने वधस्तंभावर प्राण सोडला तो.

नवख्याने आठवड्यात एक दिवस, एकच जेवण सोडायचं. शुक्रवारचं दुपारचं. पाणी प्यायचं. त्या अर्ध्या तासात बसून यशया ५८ वाचायचं. वाचलेले पैसे बाजूला ठेवायचे. दहा-दहा रुपयांचे रोजचे दोन चहा ४० दिवस सोडले तर ८०० रुपये होतात. ते कुणाला द्यायचे हे पहिल्या दिवशीच ठरवा, नाहीतर ईस्टरच्या मटणात जातात.

चुका अशा. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण आपल्यालाही लागू आहे. शुक्रवारी मांस नाही म्हणून सुरमई आणायची, हा त्याग नव्हे. एस्तेर ४:१६ चं नाव घेऊन तीन दिवस निर्जळी धरणं: ते एका कोंडीतलं राष्ट्रीय संकट होतं, रोजच्या भक्तीचा नमुना नव्हे, आणि एप्रिलच्या उन्हात उसात काम करणाऱ्याला निर्जळी म्हणजे दवाखाना. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण सोडून औषध घेतलं की साखर एकदम उतरू शकते: घाम, थरथर, बोलण्यात गोंधळ. अशांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी जेवण सोडूच नये. त्यांनी मोबाईल, मालिका, चहातली साखर, दुसऱ्याबद्दल बोलणं सोडावं. शेवटचं सगळ्यात जड जातं.

तंबाखूपट्टा
आणि पैसा? काकांनी मेओद म्हणजे धन सांगितलं आणि सगळे पुढे सरकले.

घटप्रभा_काका
मुद्दाम थांबलो होतो, बघू कोण विचारतंय.

मार्क १२ पूर्ण वाचा. ३० व्या वचनात आज्ञा, आणि त्याच अध्यायाच्या शेवटी, ४१ ते ४४ मध्ये, विधवेच्या दोन टोल्या. दोन टोल्या मिळून एक दमडी. 'संपूर्ण' हा शब्द वर उच्चारला आणि खाली तो कुणी करून दाखवला, अशी ती जोडी आहे. पण मधली ४० वी ओळ विसरू नका: विधवांची घरं गिळणाऱ्यांनाही प्रभूने तिथेच फटकारलंय. म्हणून ही गोष्ट गरिबाच्या खिशात हात घालायला वापरू नये. कर्ज काढून दशमांश द्यायला लावणं ही भक्ती नव्हे.

व्यवहाराचं असं. पगारदाराने महिन्याचं ठरवावं. शेतकऱ्याचं उत्पन्न महिन्याला येत नाही, उसाचं बिल हप्त्याने आणि उशिरा येतं. म्हणून वाटा टक्क्याने ठरवा आणि पैसे खात्यावर आले त्याच आठवड्यात वेगळा काढा. शेवटी उरेल ते देऊ म्हटलं की काही उरत नाही. १ करिंथ १६:२ मध्ये पौलही मिळकतीच्या मानाने बाजूला ठेवायलाच सांगतो.

दुसरं नवसाचं. मुलाला नोकरी लागली तर इतके देईन, ही सवय आपल्या सगळ्या मुलखाचीच, मंडळीतही आहे. शास्त्रात नवस आहे, पण उपदेशक ५:४-५ म्हणतो बोललास तर फेड, नाहीतर बोलू नकोस. नवसात आपण देवाशी सौदा ठरवतो आणि काम झालं की संबंध संपतो. मन वाटलं जातं ते इथे: अर्धं देवावर, अर्धं त्या नोकरीवर. मागायचं ते उघड मागा, अट घालू नका.

सुकलेली_विहीर
वाचतोय सगळं. वेळ पाळली, वही भरली, उपास केला, तरी काहीच जाणवत नसेल तर? हे सरळ ढोंग नाही का?

तेर्स_सात_वाजता
नाही. इग्नाशियस लोयोलांचा नियम या बाबतीत स्पष्ट आहे: कोरडेपणाच्या काळात आधीचा निश्चय बदलू नये. उलट प्रार्थना थोडी वाढवावी. २० मिनिटं ठरली असतील तर २१ करा, १९ नको. बदल करायचा तर मन ओलं असताना करा.

स्तोत्र ८८ वाचा. शेवटचा शब्द अंधाराचा आहे, पुढे सूर्य उगवत नाही. तरी ते स्तोत्रसंहितेत आहे, म्हणजे तशीही प्रार्थना देवाला चालते. काही वाटत नसताना बसलेली २० मिनिटं ही निव्वळ देवासाठी असतात, कारण त्यात आपल्याला काहीच मिळत नाही.

दुसरी_पाळी
एक जोडतो. १ राजे १९ मध्ये एलीया मरण मागतो तेव्हा देवदूत त्याला आधी उपदेश करत नाही. झोप, भाकर, पाणी, पुन्हा झोप, पुन्हा भाकर, आणि मग होरेबापर्यंत चाल. दोन आठवडे झोप आणि भूक उडालेली असेल, कशातच मन नसेल, तर तो कोरडेपणा नव्हे, आजार असू शकतो. डॉक्टरकडे जायचं. 'विश्वास कमी पडला' असं म्हणणाऱ्या बंधूंना तेवढ्यापुरतं लांब ठेवायचं. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडेही थांबू नका, आजच घरच्या कुणाला तरी सांगा.

सुकलेली_विहीर
दोन्ही कामाचं. धन्यवाद.

पानोपान
एकट्याने हे टिकत नाही हेही सांगायला हवं. मेथडिस्ट मंडळींना वारसा आहे, वापरात नाही. १७४२ मध्ये ब्रिस्टलला चॅपलचं कर्ज फेडायला बारा-बारा जणांचे गट केले, दर आठवड्याला माणशी एक पेनी. गटाचा पुढारी पैसे गोळा करायला घरोघर जाऊ लागला आणि त्याला लोकांचं खरं जगणं दिसलं. त्यातून वर्गसभा निघाली. कर्जवसुलीतून आत्मिक शिस्त, वेस्लींना हे दिसलं हे त्यांचं शहाणपण.

आज बारा जास्त होतात. तिघं घ्या, पुरुष पुरुषांत, बायका बायकांत. आठवड्याला ४० मिनिटं. प्रश्न तीनच: वचनात काय मिळालं, कुठे पडलो, या आठवड्यात काय करणार. एकाने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, सल्ला मागितला तरच.

आपल्याकडे एक अडचण हमखास: मंडळीत सगळे एकमेकांचे पाहुणे. आतेभावासमोर कबूल केलेलं साखरपुड्याला बाहेर येतं. म्हणून तिघांत जवळचं नातं नको. जमलं तर एक जण दुसऱ्या गावच्या मंडळीचा घ्या. बोललेलं बाहेर गेलं की गट त्याच दिवशी बंद, दुसरी संधी नाही. आणि गटाचा व्हॉट्सअॅप ग्रुप काढू नका. तिसऱ्या दिवशी गुड मॉर्निंगची फुलं सुरू होतात.

मलप्रभाकाठ
चार आठवड्यांचं साहित्य झालं. एक शेवटचं विचारतो. निपाणीकडच्या दोन-तीन भगिनी वर्गाला येतात, वयस्क, विड्या वळतात, वाचता येत नाही. वर वही, अध्याय, योजना हे सगळं वाचणाऱ्यांचं झालं. त्यांना काय सांगू?

तंबाखूपट्टा
त्यांचं आपल्यापेक्षा सोपं आहे. विडी वळताना हात गुंतलेले, कान आणि तोंड मोकळं. स्तोत्र २३ घ्या, सहाच वचनं. आठवड्याला एक, सहा आठवडे. वाचता येणारी नात किंवा शेजारीण सकाळी ते वचन तीनदा म्हणेल, दिवसभर तेवढंच. एक बंडल बांधून झालं की एकदा म्हणायचं. वेगळी वेळ काढायला नको, मोजायलाही नको. २३ झालं की १२१, आठ वचनांचं, मग १०३, बावीस वचनांचं. मोबाईलवर ऐकायचं मराठी बायबल मिळतं, पण ते नुसतं लावून ठेवलं की रेडिओसारखं वाहून जातं. एका वेळी एकच अध्याय, मग बंद करायचं, आणि काय ऐकलं ते शेजारणीला सांगायचं.

कोठीची_खोली
आणि वहीच्या ओळीच्या जागी: संध्याकाळी विड्या देऊन परत येताना, आज कुणाशी काय करायचं राहिलं ते देवाला एका वाक्यात. चालता चालता.

मलप्रभाकाठ
रविवारी २३:१ पासून सुरू करतो. मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्ही, नाती कन्नड शाळेत आहेत.